एका एकराचे दावेदार

शेतीचे उत्पादन, हरितगृह वायूंची कपात आणि जमिनीच्या वापराची उद्दिष्टे हे तिन्ही विषय सरकारी कागदांवर वेगवेगळ्या खात्यांत राहतात. जमिनीवर मात्र ते एकाच बांधाच्या आत असतात. ज्या हेक्टरवर गहू उभा आहे तिथे त्याच वेळी वन वाढत नाही, आणि ज्या कुरणावर घरे उठली तिथले दूध दुसरीकडून आणावे लागते. ब्रिटनचे एकूण क्षेत्रफळ सुमारे २.४४ कोटी हेक्टर आहे. त्यातले साधारण ७० टक्के शेतीकडे आहे आणि वनांखाली जेमतेम १३ टक्के. एवढ्यात धान्य, दूध, मांस, घरे, रस्ते, सौर पॅनेल, झाडे आणि पाखरे सगळे बसवायचे आहे. इंग्लंडमधले वृक्षाच्छादन २०५० पर्यंत १६.५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट २०२१ च्या पर्यावरण कायद्याखाली ठरलेले आहे. २०३० पर्यंत ३० टक्के भूभाग निसर्गासाठी राखण्याचे आंतरराष्ट्रीय वचन दिलेले आहे. २०२४ मध्ये निवडून आलेल्या सरकारने एका संसदीय कालावधीत १५ लाख घरांचा शब्द दिला आहे. एकेक आकडा वेगळा पाहिला तर वाजवीच वाटतो. बेरीज करायला बसले की जमीन पुरत नाही.

ही बेरीज समजून घेण्यासाठी हॅरोचे उदाहरण घेणे कोणाला विचित्र वाटेल. लंडनच्या वायव्येचा हा बरो म्हणजे सुमारे ५० चौरस किलोमीटरची उपनगरी वस्ती. २०२१ च्या जनगणनेत इथे सुमारे २ लाख ६१ हजार माणसे मोजली गेली, त्यांतली ४५ टक्के आशियाई वंशाची. मेट्रोपोलिटन लाइनने शहरात नोकरीला जाणारी, गुजराती दुकानांतून तूरडाळ आणि मेथी आणणारी, त्यांत काही मराठीही, अशी ही माणसे. शेती इथे जवळपास नाहीच. तरीही विषय इथूनच नीट उलगडतो, कारण गेल्या दोनशे वर्षांत जमिनीचा धनी कोण आणि तिचा वापर कोण ठरवतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे हॅरोइतके स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसते.

आधी कायद्याची चौकट. ब्रिटनचा हवामानबदल कायदा २००८ चा. उत्सर्जनाला कायद्याने बांधलेली मर्यादा घालणाऱ्या जगातल्या पहिल्या काही प्रयत्नांपैकी तो एक. त्यात १९९० च्या तुलनेत २०५० पर्यंत ८० टक्के कपात होती. जून २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन ती 'नेट झिरो' म्हणजे निव्वळ शून्य झाली. त्यासाठी सरकारला सल्ला देणारी हवामानबदल समिती पाच-पाच वर्षांचे कार्बन अंदाजपत्रक सुचवते. १९९० पासून देशाचे एकूण उत्सर्जन निम्म्यावर आले आहे. कोळशाची वीजकेंद्रे बंद झाली हे त्यामागचे मोठे कारण. शेतीचे उत्सर्जन मात्र याच काळात दहा-पंधरा टक्केच घटले, आणि तेही बरेचसे जनावरे आणि रासायनिक खत कमी झाल्यामुळे. बाकीची क्षेत्रे खाली उतरत असताना शेती जवळपास तिथेच राहिल्याने तिचा वाटा वाढत चालला आहे. तो आज साधारण ११ ते १२ टक्के आहे.

यावरून शेतकरी हटवादी आहे असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि चुकीचेही. वीजकेंद्राच्या धुरांड्यातून निघणारा वायू इंधन बदलले की थांबतो. शेतीचे वायू चिमणीतून निघत नाहीत. ते जिवंत प्रक्रियांतून निघतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात गवताचे तंतू सूक्ष्मजीव कुजवतात, त्यातून मिथेन तयार होतो आणि मुख्यतः ढेकरांवाटे बाहेर पडतो. एक दुभती गाय वर्षाला शंभर किलोहून अधिक मिथेन सोडते. शंभर वर्षांच्या कालावधीत किलोभर मिथेनचा तापवण्याचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट धरला जातो. पण मिथेन हवेत बारा-एक वर्षेच टिकतो, त्यामुळे त्याचा हिशेब कसा मांडावा यावर शास्त्रज्ञांत खरा वाद आहे. दुसरा वायू नायट्रस ऑक्साइड. खत असो की शेण-मूत, त्यातल्या नत्राचा साधारण एक टक्का जमिनीतले जिवाणू या वायूत बदलतात. तो कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून अधिक तापवतो आणि शतकभर टिकतो. ब्रिटनच्या एकूण मिथेनपैकी जवळपास निम्मा आणि नायट्रस ऑक्साइडपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक शेतीतून येतो. ट्रॅक्टरच्या डिझेलचा हिस्सा त्यापुढे किरकोळ. शेतीचे उत्सर्जन शून्यावर आणण्याचा अर्थ शेती थांबवणे असाच होतो. म्हणून कोणतीही योजना घ्या, ती शेवटी जमिनीकडे वळते: उरलेले उत्सर्जन शोषून घेण्यासाठी झाडे आणि ओल्या पीटजमिनी, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या पाणथळी, हव्यात, आणि त्या शेतीच्याच जमिनीवर येणार.

हवामानबदल समितीने जानेवारी २०२० च्या अहवालात हे उघड मांडले. देशातली सुमारे एक-पंचमांश शेतजमीन २०५० पर्यंत शेतीतून मोकळी करावी, दरवर्षी किमान ३० हजार हेक्टरवर नवी झाडे लावावीत आणि लोकांनी गोमांस, कोकराचे मांस व दुग्धजन्य पदार्थ पाचव्या हिश्शाने कमी खावेत, असा तो सल्ला होता. फेब्रुवारी २०२५ च्या सातव्या अंदाजपत्रकाच्या सल्ल्यातही सूर तोच आहे: २०४० पर्यंत गुरे-मेंढ्यांची संख्या चतुर्थांशाहून थोडी अधिक घटावी, वनाखालचे क्षेत्र १३ वरून १६ टक्क्यांवर जावे. आकडे ऐकायला सौम्य वाटतात. जमिनीवर ते काय मागतात हे पाहण्यासाठी हॅरोकडे यावे.

हॅरोची माती म्हणजे लंडन क्ले. हिवाळ्यात चिकट आणि पाणथळ, उन्हाळ्यात भेगाळलेली, नांगराला जड. मध्ययुगात हे मॅनर, म्हणजे जहागीर, कँटरबरीच्या आर्चबिशपचे होते. हेडस्टोन मॅनर हे त्याचे घर चौदाव्या शतकाच्या आरंभीचे; तिथले धान्याचे मोठे कोठार सोळाव्या शतकाच्या आरंभी बांधलेले आहे. ते आज बरोच्या संग्रहालयाचा भाग आहे. गाव तेव्हा मोकळ्या सामाईक शेतांत पिकवत होते. १८०३ मध्ये संसदेने हॅरोसाठी कुंपणबंदीचा कायदा केला, १८१७ मध्ये वाटप जाहीर झाले, आणि सामाईक जमिनी खासगी मालकीच्या चौकटींत बांधल्या गेल्या. त्यानंतर नांगरट मागे पडून गवताचे राज्य आले. कारण हॅरोत नव्हते, लंडनमध्ये होते. त्या शहराची वाहतूक घोड्यांवर चालत होती आणि शतकाच्या अखेरीस घोड्यांची संख्या लाखांच्या घरात पोहोचली होती. मिडलसेक्सच्या शेतांतून सुक्या गवताच्या गाड्या शहराच्या बाजारांत जात आणि परतीच्या खेपेत तबेल्यांचे शेणखत घेऊन येत. मिडलसेक्समधली गवत सुकवण्याची पद्धत इतकी घोटलेली होती की जॉन मिडलटन यांनी १७९८ च्या आपल्या शेती-अहवालात तिचे तपशीलवार वर्णन केले आहे.

आजच्या भाषेत हे गवत म्हणजे वाहतुकीचे इंधन होते. अन्न पिकवू शकणारी जमीन शहराच्या चाकांसाठी राबत होती. इथेनॉलसाठी गहू आणि बायोगॅससाठी मका लावावा का, हा वाद आज ब्रिटनमध्ये होतो तेव्हा तो नवा असल्यासारखा मांडला जातो. महाराष्ट्रातल्या वाचकाला तो जास्तच ओळखीचा आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याच्या धोरणामुळे उसाला दुसरे गिऱ्हाईक मिळाले. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेचा पुरवठा आखडेल या भीतीने केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आणली तेव्हा कारखानदारांची धावपळ झाली. अन्न आणि इंधन एकाच वावरात भांडतात. हॅरोत ते भांडण मोटारगाड्यांनी मिटवले: घोडे गेले, गवताचे गिऱ्हाईक गेले.

मग जमिनीला नवे गिऱ्हाईक मिळाले. लंडन-बर्मिंगहॅम रेल्वेचे स्थानक १८३७ मध्येच आले होते. मेट्रोपोलिटन रेल्वे १८८० मध्ये हॅरो-ऑन-द-हिलला आणि १८८५ मध्ये पिनरला पोहोचली. १९१५ पासून कंपनीने 'मेट्रोलँड' हे नाव जाहिरातींत रुळवले, आणि दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत रेनर्स लेनपासून स्टॅनमोरपर्यंत कुरणांवर जोडघरांच्या रांगा उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात ज्याला जमीन 'एनए' करणे म्हणतात ते इथे परवानगीच्या फारशा कटकटीविना झाले, कारण नियोजनाचे कायदे तेव्हा कमकुवत होते. याच सुमारास भूगोलतज्ज्ञ डडली स्टँप यांनी शाळकरी मुलांच्या मदतीने देशभरातल्या जमिनीची पाहणी हाती घेतली. कोणत्या तुकड्यावर काय आहे, हे गावोगाव नकाशांवर रंगवले गेले. देशाच्या जमिनीचा सबंध हिशेब प्रथमच कागदावर आला, आणि तो आला तेव्हा मिडलसेक्सचा मोठा भाग हातातून निघून चालला होता.

त्या घाईत जे वाचले त्यातला महत्त्वाचा तुकडा म्हणजे पिनर पार्क. आर्चबिशपचे हरणांचे राखीव रान, पुढे शेत. १७३१ मध्ये ते सेंट थॉमस रुग्णालयाच्या मालकीचे झाले. १९३० च्या दशकात घरबांधणी दाराशी आली तेव्हा स्थानिक प्रशासनाने ते विकत घेऊन मोकळे ठेवले. सुमारे ९३ हेक्टरचा हा हिरवा अंडाकृती पट्टा आजही चहूबाजूंच्या छपरांच्या मध्ये शेत म्हणून उरला आहे. लंडन आणि भोवतालच्या परगण्यांसाठीचा हरित पट्ट्याचा, म्हणजे ग्रीन बेल्टचा, कायदा १९३८ चा, नगररचनेचा सर्वव्यापी कायदा १९४७ चा. हॅरोचा साधारण पाचवा हिस्सा आज ग्रीन बेल्टमध्ये आहे: हॅरो वील्ड, स्टॅनमोर कॉमन, बेंटली प्रायरी. पण ग्रीन बेल्टचा उद्देश काय होता हे विसरू नये. शहर पसरू नये, एवढाच. अन्न पिकावे, कार्बन साठावा किंवा फुलपाखरे वाढावीत असे त्या कायद्यात लिहिलेले नव्हते. बांधकामाविरुद्ध तो भक्कम उभा राहिला. जमिनीचे पुढे काय करायचे, यावर तो गप्प आहे.

पिनर पार्कच्या आकाराच्या शेतावर एक ढोबळ हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. ९३ हेक्टर चांगल्या कुरणावर १५० दुभत्या गाई धरल्या आणि दर गाईमागे वर्षाला आठ हजार लिटर दूध, म्हणजे आजची ब्रिटिश सरासरी, धरली तर १२ लाख लिटर दूध होते. माणशी वर्षाला ७० लिटर धरल्यास ते १७ हजार लोकांना पुरते, म्हणजे हॅरोच्या लोकसंख्येच्या साडेसहा टक्क्यांना. गाईमागे १२० किलो धरले तर मिथेन १८ टन, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत सुमारे ५०० टन. शेणखताचा आणि बाहेरून आणलेल्या खुराकाचा बोजा त्यात धरलेला नाही. आता त्याच जागी वन वाढू दिले तर किती कार्बन साठेल?

याचे उत्तर हॅरोच्या उत्तरेला, हार्टफर्डशरमधल्या हार्पेंडनला मिळते. रोथॅमस्टेडच्या आपल्या जहागिरीवर जॉन बेनेट लॉज यांनी १८४३ मध्ये प्रयोगक्षेत्र सुरू केले. आदल्याच वर्षी त्यांनी सुपरफॉस्फेट खताचे पेटंट घेतले होते. खताच्या धंद्यातला पैसा आणि रसायनशास्त्रज्ञ जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांची चिकाटी यांवर हे काम उभे राहिले. तिथल्या ब्रॉडबॉक शेतात तेव्हापासून गहू पेरला जात आहे. काहीही खत न घातलेल्या पट्ट्यावर हेक्टरी टनभर गहू येतो. भरपूर खत आणि आधुनिक वाण असलेल्या पट्ट्यांवर त्याच्या कित्येक पट. आणखी एक पट्टा दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत खातो. त्याच्या मातीतला कार्बन दुपटीहून अधिक वाढला, पण ती वाढ सुरुवातीला वेगाची होती, पुढे मंदावत गेली. 'मातीत कार्बन साठवा' असे सांगणाऱ्या उत्साही मंडळींनी हा पट्टा जरूर पाहावा. माती अथांग नाही. शिवाय हेक्टरी ३५ टन शेणखतासाठी लागणारी गुरे दुसऱ्या कोणाच्या तरी कुरणावर चरत असतात.

याच रोथॅमस्टेडमध्ये १८८० च्या दशकात शेताचे दोन लहान तुकडे मुद्दाम सोडून दिले गेले. कोणी पेरले नाही, कोणी कापले नाही. गव्हाची जागा तणाने, तणाची झुडपांनी आणि झुडपांची ओक-ॲशच्या झाडांनी घेतली. शंभरहून अधिक वर्षांच्या मोजमापातून दिसले की यातल्या गीस्क्रॉफ्टच्या तुकड्याने झाडे आणि माती मिळून दरवर्षी हेक्टरी सरासरी दोन टन, तर ब्रॉडबॉकच्या तुकड्याने तीन टनांहून अधिक कार्बन साठवला. कार्बन डायऑक्साइडमध्ये हे हेक्टरी सात ते बारा टन होतात. म्हणजे ९३ हेक्टरचे वन वर्षाला अंदाजे ६८० ते ११५० टन शोषेल. गाईंचे ५०० टन वाचले ते वेगळे. एकूण लाभ दोन-तीनशे ब्रिटिश नागरिकांच्या वार्षिक उत्सर्जनाएवढा. एका पारड्यात १७ हजार माणसांचे दूध, दुसऱ्यात दोन-तीनशे माणसांचा धूर.

आणि इथेच हिशेबाचा खरा पेच आहे. त्या १७ हजार माणसांनी दूध पिणे सोडले नाही, तर ते दूध डेव्हन किंवा चेशरमधून येईल, किंवा आयर्लंडहून चीज होऊन येईल. वाचलेले ५०० टन तिथे पुन्हा उभे राहतील. उरेल तो वनाचा लाभ. आणि तोही तिकडे त्या दुधासाठी नवी जमीन मोडावी लागली नाही तरच. जागतिक पातळीवर हीच गोष्ट अधिक कठोर होते. ब्रिटन आपल्या अन्नाचा किमतीच्या हिशेबाने सुमारे ६० टक्के भाग स्वतः पिकवतो, बाकीचे बाहेरून येते. कायद्यातली उद्दिष्टे देशाच्या हद्दीत निघणाऱ्या वायूंची आहेत. बासमतीच्या भातखाचरातला मिथेन, ब्राझीलच्या सोयाबीनखाली गेलेले रान, नाशिकच्या द्राक्षांमागची वीज आणि पाणी यांतले काहीही त्या आकड्यांत धरले जात नाही. आयात मालाचा कार्बन मोजणारी वेगळी आकडेवारी सरकार प्रसिद्ध करते, पण तिच्यावर कोणतेही बंधनकारक उद्दिष्ट टांगलेले नाही. घरातले शेत बंद करून परदेशातले शेत वाढवले तर पुस्तकात कपात दिसते आणि वातावरणात काहीच घडत नाही. शेती, वायू आणि जमीन यांच्या समतोलावरच्या कोणत्याही लेखनाची कसोटी हीच धरावी: ते ताटाचा हिशेब करते की फक्त बांधाचा?

ताटाचा हिशेब करू लागले की मार्ग पूर्ण बंद होत नाहीत, पण त्यांचा क्रम बदलतो. केंब्रिजचे संशोधक अँड्र्यू बामफर्ड, रीस ग्रीन आणि त्यांचे सहकारी २००५ पासून एक प्रश्न लावून धरत आहेत: तेवढेच अन्न पिकवायचे तर थोड्या जमिनीवर जोमाने पिकवून उरलेली निसर्गाला पूर्ण सोडावी, की सगळ्या जमिनीवर हलक्या हाताने शेती करून निसर्गाला बांधाबांधावर जागा द्यावी? २०१६ मध्ये याच परंपरेतल्या एका अभ्यासाने ब्रिटनसाठी दाखवले की हेक्टरी उतारा वाढवत नेला आणि मोकळी झालेली जमीन खरोखर वन व पाणथळींना दिली, तर शेती व जमिनीचे निव्वळ उत्सर्जन २०५० पर्यंत ८० टक्के घटवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. 'खरोखर' या शब्दावर सगळे अवलंबून आहे. उतारा वाढला की शेतकरी जमीन आपण होऊन सोडत नाही. तो तिच्यावर आणखी पिकवतो. मोकळी झालेली जमीन मोकळी ठेवण्यासाठी पैसा किंवा कायदा लागतोच. आणि जोमाची शेती म्हणजे अधिक नत्र, अधिक कोंडलेली जनावरे, नद्यांत अधिक फॉस्फेट. वेल्सच्या सीमेवरच्या वाय नदीकाठी कोंबड्यांच्या शेडांवरून काय चालले आहे ते पाहिले तर हा मार्गही फुकटचा नाही हे कळते.

काही जमिनींबाबत मात्र वादाला जागा कमी आहे. पूर्व इंग्लंडच्या फेन्समधल्या काळ्या पीटजमिनी सतराव्या शतकापासून पाणी उपसून कोरड्या केल्या गेल्या. ती देशातली सर्वांत सुपीक भाजीची शेते. पण उघडे पडलेले पीट हवेशी मिसळून कुजत राहते आणि जमीन वर्षागणिक खाली बसते. कोरड्या केलेल्या अशा सखल पीटजमिनींतून इंग्लंडच्या एकूण उत्सर्जनापैकी सुमारे ३ टक्के येते. क्षेत्रफळ पाहता हा वाटा प्रचंड आहे. तिथे पाण्याची पातळी थोडी जरी वर आणली तरी हेक्टरमागची कपात इतर कुठल्याही उपायापेक्षा जास्त. दुसऱ्या टोकाला डोंगरउतारावरची मेंढ्यांची विरळ कुरणे, जिथे अन्न फार थोडे निघते. यादी करायची तर सुरुवात तिथून व्हावी. हॅरोसारख्या ठिकाणच्या कुरणाचा क्रमांक बराच खाली लागतो. त्याची किंमत हवा, पूर अडवणे, शाळेच्या मुलांना गाय दिसणे अशा गोष्टींत अधिक आहे. कार्बनच्या नावाखाली प्रत्येक हिरव्या तुकड्यावर झाडे लावण्याचा सोस बऱ्याचदा फोटोपुरता असतो.

पैशाचे काय, हा शेतकऱ्याचा पहिला प्रश्न, आणि धोरणांनी त्याची वारंवार निराशा केली आहे. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२० च्या शेती कायद्याने एकरी सरसकट अनुदान टप्प्याटप्प्याने बंद करून 'सार्वजनिक हितासाठी सार्वजनिक पैसा' हे तत्त्व आणले: माती, पाणी, पक्षी, झाडे जपणाऱ्याला मोबदला. तत्त्व उत्तम. पण त्यातली मुख्य योजना ११ मार्च २०२५ रोजी पैसे संपले म्हणून नव्या अर्जांसाठी अचानक बंद झाली. त्याआधी २०२४ च्या हिवाळ्यात वारसाकरावरून शेतकरी ट्रॅक्टर घेऊन लंडनमध्ये आले होते. त्याच सुमारास मिथेन कमी करणारा 'बोव्हेअर' हा खुराकातला पूरक पदार्थ एका मोठ्या दूधसंस्थेने चाचणीसाठी वापरणार म्हटल्यावर काही ग्राहकांनी दूध सिंकमध्ये ओतल्याच्या चित्रफिती फिरवल्या. अन्नसुरक्षा नियामकांनी पदार्थ तपासलेला होता. म्हणजे शेतकऱ्याने कपात करावी ही अपेक्षा, मात्र त्याने ती केली तर गिऱ्हाईक बिथरते. झाड लावणे हा चाळीस वर्षांचा निर्णय आहे. योजना चार वर्षेही टिकत नसेल तर तो कोण घेईल? जानेवारी २०२५ मध्ये इंग्लंडसाठी जमीनवापराच्या एकत्रित आराखड्यावर सरकारने लोकांची मते मागवली. स्टँप यांच्या पाहणीनंतर नव्वद वर्षांनी देशाने पुन्हा सगळी जमीन एकत्र मांडून पाहिली. हा उशीरच, पण योग्य दिशेने.

भारतीय वाचकाने यातून आपल्यासाठी काय घ्यावे, हे ठरवताना फरक आधी ध्यानात घ्यावा. भारताच्या उत्सर्जनात शेतीचा वाटा सुमारे १४ टक्के. निव्वळ शून्याचे वर्ष २०७०. २०२१ मध्ये ग्लासगोला मिथेनकपातीच्या जागतिक प्रतिज्ञेवर ब्रिटनने सही केली, भारताने केली नाही. कारणे उघड आहेत. ब्रिटनच्या सुमारे १८ लाख दुभत्या गाई वर्षाला १५ अब्ज लिटर दूध देतात. भारतात २०१९ च्या पशुगणनेत गाई-बैल १९ कोटींहून अधिक आणि म्हशी ११ कोटींच्या आसपास होत्या. त्यांतली बहुतेक दोन-चार जनावरांच्या दावणीला, कडब्यावर जगणारी, दुधाबरोबर शेण, वासरे आणि अडीनडीला विकून मिळणारी रोकड देणारी. लिटरमागे मिथेन जास्त दिसतो तो म्हणून. असे जनावर कमी करा म्हणणे म्हणजे अल्पभूधारकाची बँक बंद करा म्हणणे. त्याच दावणीला चांगला चारा आणि पशुवैद्य पोहोचवला तर दूध वाढते आणि लिटरमागचा वायू आपोआप उतरतो. सक्तीची गरज पडत नाही.

जमिनीच्या बाबतीत मात्र दोन्ही कथा चमत्कारिक रीतीने जवळ येतात. हॅरल्ड मॅन १९०७ मध्ये पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून आले. निवृत्तीनंतर इंग्लंडला परतून त्यांनी रोथॅमस्टेडशी जोडलेल्या वोबर्नच्या प्रयोगक्षेत्रावर दीर्घकाळ काम केले. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा त्यांचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १७७१ मध्ये तिथले सरासरी खाते ४० एकरांचे होते, १९१५ मध्ये ते ७ एकरांवर आले होते. मॅन यांची चिंता तुकडे पडत चाललेल्या जमिनीची होती. आज पिंपळे सौदागरमध्ये तुकड्यांचाही प्रश्न उरलेला नाही. तिथे सदनिकांचे मनोरे आहेत, आणि त्यांत राहणाऱ्यांचे दूध, भाजी व धान्य दूरच्या तालुक्यांतून येते. हॅरोला जे मेट्रोपोलिटन रेल्वेने केले ते इथे माहिती तंत्रज्ञानाने केले. फरक एवढाच की हॅरोत कोणीतरी ९३ हेक्टर वेळेत विकत घेतले.

हॅरो बरोने २०१९ मध्ये हवामान आणीबाणी जाहीर केली आणि २०३० हे कार्बनमुक्तीचे लक्ष्य ठेवले. त्याच्या हद्दीतले उत्सर्जन प्रामुख्याने घरे तापवण्याचे आणि वाहनांचे आहे, तेव्हा भर बॉयलर, छपरे आणि बसगाड्यांवर असणे स्वाभाविकच. पण २ लाख ६१ हजार माणसे रोज तीनदा जेवतात आणि त्या जेवणाची जमीन जवळजवळ संपूर्णपणे हद्दीबाहेर आहे. ॲलॉटमेंटच्या, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या, वाफ्यांत मेथी, कोथिंबीर आणि दुधी लावणारी कुटुंबे हौशी आहेत, चांगली आहेत. त्यांनी हद्दीबाहेरच्या जमिनीचा हा आकडा हलत नाही. तो हलतो दूध, तूप, पनीर आणि मांस किती खाल्ले जाते आणि किती टाकून दिले जाते यावर. डाळ-भात खाणाऱ्या घराचे पाऊल हलके असते हे खरे. पण भाताच्या खाचरातून मिथेन निघतो आणि किलोभर तुपामागे पंचवीस-तीस लिटर गाईचे दूध आटते, हेही खरे. शाकाहार म्हणजे आपोआप कार्बनमुक्ती, हा समज हॅरोच्या स्वयंपाकघरांनी सोडायला हवा.

ग्रीन बेल्ट मोडून घरे बांधण्याचा दबाव लंडनभर वाढतो आहे आणि पुढची काही वर्षे तो वाढतच राहील. त्या वेळी प्रत्येक तुकड्याबाबत चार गोष्टी नोंदवून मगच निर्णय व्हावा: तिथे आज किती अन्न निघते, किती वायू निघतो वा साठतो, तिथले अन्न बंद झाल्यास ते कुठल्या जमिनीवरून येणार, आणि घरांसाठी आधीच बांधलेल्या, पडीक राहिलेल्या जागा शिल्लक आहेत का.  यांतली तिसरी नोंद बहुतेक ठिकाणी होत नाही, आणि ती बंधनकारक करणे हे संसदेच्या हातात आहे.